खापरावरचा मांडा आणि भिंतीवरचा नकाशा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी खानदेशातल्या आमच्या घरी चुलीवर खापर चढतं. मातीचं, उलट्या घमेल्यासारखं फुगीर, पाण्याचा थेंब पडला की चर्र करणारं. मावशी पुरण भरलेला गोळा तळहातावर घेते आणि या हातावरून त्या हातावर झेलत राहते. गोळ्याची पोळी होते, पोळी रुंदावत कोपरापर्यंत उतरते, आणि मग एका झोक्यात तो मांडा खापरावर पडतो. मऊ, सपाट पीठ त्या घुमटावर असं बसतं की एक चुणी पडत नाही. लहानपणी मी मध्येच हात घातला तेव्हा ती म्हणाली होती, "हात हलका ठेव, नही ते फाटी जाई."

पुढे शाळेत भूगोल शिकवायला लागलो. एका उन्हाळी सुट्टीत तेच खापर गार झाल्यावर पुढ्यात घेतलं आणि त्यावर वर्तमानपत्राचं पान चढवून पाहिलं. पान माथ्यावर टेकलं, पण कडा खाली दाबायला गेलो तशा चुण्या उठल्या. इकडची चुणी दाबली की तिकडे नवी. कडेला कात्रीने चिरा दिल्या तेव्हा कुठे कागद खाली बसला, तोही एकावर एक चढून. मांडा बसला, कागद बसला नाही. गोल पृथ्वी सपाट भिंतीवर लावण्यातली सगळी अडचण एवढ्यात आली.

पीठ ताणलं जातं. पुरणाचे दोन कण गोळ्यात बोटभर अंतरावर असतील, तर खापरावर ते वीतभर लांब गेलेले असतात. अंतरं बदलली म्हणून मांडा बसला. कागद ताणला जात नाही. तो वळतो, दुमडतो, फाटतो. त्याची पुंगळी होते, फुटाण्याची पुडी होते, आणि दोन्ही उलगडली की पान पुन्हा जसंच्या तसं. म्हणजे पुंगळी आणि शंकू दिसायला गोल असले तरी कागदाच्या हिशेबात सपाटच. घुमटाचं तसं नाही.

का नाही, हे पृथ्वीवरच मोजून पाहू. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत जमिनीवरून सुमारे १०,००० किमी अंतर आहे. सपाट मैदानावर खुंटी ठोकून १०,००० किमी दोरीने वर्तुळ आखलं, तर त्याचा परीघ जवळपास ६२,८०० किमी भरेल. पण विषुववृत्ताची प्रत्यक्ष लांबी आहे ४०,००० किमी. गोलावर वर्तुळ आखलं की परीघ हिशेबापेक्षा कमी भरतो. आता उत्तर गोलार्ध सोलून जमिनीवर सपाट पसरायचा ठरवलं, तर कडेला जवळपास २२,८०० किमीचा तुटवडा आहे. तो भरून काढायला दोनच वाटा: साल ताणा, नाहीतर फाडा.

हाच हिशेब उलट्या बाजूने पाहायचा असेल तर आमच्याकडे गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या पाहाव्यात. घालताना त्या अगदी सपाट असतात. कडेचं पाणी आधी आटतं, कड आखडते, मधला भाग तेवढाच राहतो, आणि बिबडी वाटीसारखी वळते. तिला कोणी वळवलेलं नसतं. कडेची लांबी कमी पडली, एवढंच कारण पुरतं.

जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिख गाऊस याने १८२७ साली हे सिद्ध करून ठेवलं. त्याने दाखवलं की पृष्ठभागाची ही वक्रता त्या पृष्ठभागावरच अंतरं मोजून कळते, बाहेर उभं राहून बघायची गरज नाही. म्हणून अंतरं न बदलता वक्रता बदलता येत नाही. गोलाला वक्रता आहे, कागदाला नाही. तेव्हा सगळी अंतरं खरी दाखवणारा सपाट नकाशा कोणी काढलेला नाही, आणि कोणी काढूही शकणार नाही. मला हे विधान फार मोलाचं वाटतं, कारण त्यानंतर नकाशाकडे बघण्याची दृष्टीच बदलते. नकाशा बरोबर की चूक हा प्रश्न उरत नाही. त्याने काय जपलं आणि त्यासाठी काय सोडलं, हे विचारावं लागतं.

शाळेच्या भिंतीवर अनेकदा जो जगाचा नकाशा असतो, त्याची पद्धत गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली मांडली. पृथ्वीगोलाभोवती विषुववृत्ताला टेकणारी कागदाची पुंगळी गुंडाळली आहे असं समजा. गोलावर विषुववृत्तापासून वर जावं तशी अक्षवृत्तं लहान होत जातात. जळगाव, धुळे, भुसावळ ही आपली गावं २१ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास आहेत. हे वर्तुळ विषुववृत्ताच्या ०.९३ पट आहे. पुंगळीवर मात्र सगळी अक्षवृत्तं सारख्याच लांबीची काढावी लागतात. म्हणजे आपला खानदेश पूर्व-पश्चिम सुमारे ७ टक्के ताणला गेला. तेवढ्यावर सोडलं असतं तर आकार बसका झाला असता. मर्केटरने युक्ती केली ती इथे: पूर्व-पश्चिम जेवढं ताणलं तेवढंच उत्तर-दक्षिणही ताणायचं. २१ अंशांवर ७ टक्के, ६० अंशांवर दुप्पट, आणि ध्रुवापाशी तर अमर्याद, म्हणून ध्रुव त्या नकाशावर येतच नाहीत. कोन सगळे टिकले, लहान प्रदेशांचे आकार टिकले, आणि क्षेत्रफळांचा बळी गेला.

ग्रीनलँडचं क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किमी आहे, भारताचं ३२.९ लाख. भारत दीडपट मोठा. भिंतीवर मात्र ग्रीनलँड भारताला गिळेल एवढं दिसतं, आणि आफ्रिकेच्या जोडीला बसतं. खरी आफ्रिका ग्रीनलँडच्या १४ पट आहे. मुलं वर्षानुवर्षं तो नकाशा बघत मोठी होतात आणि कोणते देश मोठे, कोणते लहान याचा ठसा मनावर तसाच उमटतो. हा नकाशा वर्गात लावायचाच असेल तर शेजारी पृथ्वीगोल हवा, याबद्दल मी आग्रही आहे.

मर्केटरला मात्र दोष देऊ नये. त्याने नकाशा खलाशांसाठी काढला होता. होकायंत्राची सुई एकाच कोनावर धरून जहाज हाकलं तर त्याचा मार्ग या नकाशावर सरळ रेषा येतो. पट्टी ठेवा, कोन मोजा, सुकाणू धरा. समुद्रात याहून मोठी सोय कोणती! तो सरळ मार्ग सर्वांत जवळचा नसतो, हा वेगळा मुद्दा. त्यासाठी पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. एक टोक मुंबईवर, एक न्यूयॉर्कवर. नकाशावर वाटतं की दोरा अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असा जाईल. गोलावर ताणलेला दोरा वर सरकतो, मध्य आशिया आणि रशियावरून आइसलँडच्या जवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग अमेरिकेकडे उतरतो. ही वाट साधारण १२,५०० किमीची. पट्टीने आखलेली सरळ वाट १४,२०० किमीच्या आसपास. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या हातात दोरा द्या आणि तो आपोआप वर सरकताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

आपल्या मोबाइलमधले रस्त्यांचे नकाशेही मर्केटरच्याच पद्धतीचे आहेत. कारण तेच: कोन टिकतात, चौकात काटकोनात मिळणारे रस्ते पडद्यावरही काटकोनात मिळतात. अंतर विचारलं की फोन पडद्यावर पट्टी लावत नाही, तो अक्षांश-रेखांशांवरून गोलावरचा हिशेब करून उत्तर देतो.

आता फाडण्याची वाट. यासाठी दरवर्षी मी वर्गात मोसंबी नेतो. मोसंबी मधोमध कापायची, अर्धं फळ कागदावर उपडं ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवायची, अशी चार वर्तुळं काढायची. मग दोन्ही अर्धांची साल सोलून तिचे नखाएवढे तुकडे करायचे आणि वर्तुळात शेजारी शेजारी लावत जायचं. पहिलं वर्तुळ भरतं, दुसरं भरतं. तिसऱ्याच्या वेळी मुलं पैजा लावायला लागतात. चौथं वर्तुळ भरत येतं आणि साल संपते. गोलाचं पृष्ठफळ त्याच्या मधल्या वर्तुळाच्या चौपट असतं, हे बोटांना सालीचा वास लागलेल्या अवस्थेत जितकं पटतं तितकं फळ्यावर कधी पटत नाही.

भास्कराचार्यांनी लीलावतीत हेच सांगितलं आहे. वर्तुळाचं क्षेत्रफळ चारने गुणलं की चेंडूभोवतीच्या जाळीसारखं गोलाभोवतीचं फळ मिळतं. सिद्धांतशिरोमणीच्या विवरणात तर त्यांनी गोलाच्या फाका पाडल्या. आवळ्यावर जशा देठापासून खालपर्यंत रेषा असतात, तशा रेषा गोलावर कल्पायच्या आणि एकेका फाकेचं क्षेत्रफळ काढायचं. या माणसाचं आपल्या भागाशी नातं आहे. चाळीसगावजवळ पाटण्याला, पाटणादेवीच्या परिसरात, १२०७ सालचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्याच डोंगराच्या कुशीत मुलं बसून गोलाचं गणित शिकत होती, या विचाराने मला आजही भरून येतं.

मोसंबीच्या प्रयोगात एक गोष्ट हळूच लक्षात येते. सालीचा मोठा तुकडा कागदावर ठेवला तर तो वाटीसारखा उभा राहतो, दाबला तर चिरतो. नखाएवढा तुकडा मात्र निमूट सपाट पडतो. गोलाचा तुकडा पुरेसा लहान असला की तो सपाटच असल्यासारखा वागतो. हेही भास्कराचार्यांनी सांगून ठेवलं आहे. पृथ्वी गोल असेल तर सपाट का दिसते, या प्रश्नावर ते म्हणतात की परिघाचा शंभरावा भाग सपाट भासतो. पृथ्वी प्रचंड मोठी, माणूस अगदी लहान, म्हणून त्याला दिसणारी सगळी जमीन सपाट वाटते.

परिघाचा शंभरावा भाग म्हणजे आजच्या मापात ४०० किमी. खानदेश त्यात सहज मावतो. पश्चिमेचं नवापूर ते पूर्वेचं मुक्ताईनगर हवाई अंतर साधारण २३५ किमी आहे. या दोन गावांमध्ये जमिनीखालून अगदी सरळ बोगदा खणला, तर मध्यावर तो पृथ्वीच्या फुगवट्याखाली सुमारे १ किमीहून थोडा जास्त खोल जाईल. ऐकायला हे पुष्कळ वाटतं. पण फुगवट्यावरून जाणारी वाट आणि सरळ बोगदा यांच्या लांबीत फरक पडतो फक्त १३ मीटरचा. २३५ किमीत १३ मीटर! आपल्या तीन जिल्ह्यांचा नकाशा कोणत्याही पद्धतीने काढला तरी बघणाऱ्याला तो खराच वाटतो, तो यामुळे.

मोजणी करणाऱ्यांना मात्र 'खराच वाटतो' एवढं पुरत नाही. त्यांनी आवळ्याचीच वाट धरली आहे. पृथ्वीच्या उत्तर-दक्षिण ६० फाका पाडल्या, प्रत्येक ६ अंश रेखांशांची. मर्केटरची पुंगळी आडवी केली आणि प्रत्येक फाकेच्या मधल्या रेखावृत्तावर बसवली. ७२ ते ७८ अंश पूर्व ही फाक क्रमांक ४३, आणि तिचं मधलं रेखावृत्त ७५ अंश पूर्व. ही रेघ आपल्या अंगणातून जाते! धुळ्याहून अमळनेरला निघालात की अमळनेरच्या अलीकडे काही किलोमीटरवर, शेताबांधांतून, काहीही खूण न दाखवता ती तुमचा रस्ता ओलांडते. तिच्यावर माप मुद्दाम ०.९९९६ धरलेलं आहे, म्हणजे जमिनीवरचा १ किमी नकाशात ४० सेंटिमीटरने कमी. मध्यावर थोडं कमी धरलं म्हणजे पूर्वेला आणि पश्चिमेला जाताना वाढत जाणारा ताण सांभाळला जातो. रेघेपासून सुमारे १८० किमीवर माप नेमकं खरं येतं आणि त्यापुढे जास्त व्हायला लागतं. चूक टाळता येत नाही म्हटल्यावर ती कमी आणि जास्त अशी दोन्हीकडे वाटून घेतली. शेताच्या मोजणीत ४० सेंटिमीटर हे बांधावरच्या भांडणाचं कारण होऊ शकतं, म्हणून मोजणीदाराला हा आकडा हिशेबात धरावाच लागतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर, म्हणजे डोंगर-नद्या-गावांच्या तपशीलवार नकाशावर, आणखी एक गोष्ट कागदावर उतरलेली असते: उंची. सातपुडा सपाट कागदावर दाखवायचा कसा? त्यासाठी समोच्च रेषा. समान उंचीच्या सगळ्या जागा जोडणारी एकेक रेघ, ५०,०००ला १ या मापाच्या नकाशावर साधारणपणे २० मीटर उंचीला एक. मुलांना या रेषा फार जड जातात. माझा उपाय म्हणजे त्यांना उन्हाळ्यात धरणाच्या काठावर नेणं. गिरणा धरणाचं पाणी उतरत जातं तसं काठाच्या मातीवर एकाखाली एक रेषा उमटतात. प्रत्येक रेषा म्हणजे पाणी काही दिवस जिथे थांबलं ती पातळी. पाणी कुठेही तिरकं उभं राहत नाही, म्हणून एका रेषेवरच्या सगळ्या जागा एकाच उंचीच्या. उतार मंद असतो तिथे रेषा लांब लांब पडतात, काठ उभा असतो तिथे गर्दी करतात. वरून बघितलं की टोपोशीटच डोळ्यांपुढे येतं.

गोल आणि घन वस्तू सपाटावर उतरवण्याचा आपला रोजचा मार्ग मात्र नकाशा नसून फोटो आहे. त्याचं गणित रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत उभं राहून समजतं. डोळ्यापासून १ फुटावर काच धरली आहे आणि दिसतं ते तिच्यावर गिरवायचं आहे असं समजा. १० फूट उंच केळ २० फुटांवर असेल तर काचेवर ६ इंचांचं येईल. ४० फुटांवरचं ३ इंच, १०० फुटांवरचं सव्वा इंचाच्या आसपास. दोन ओळींमधलं ५ फुटांचं अंतरही त्याच प्रमाणात आक्रसतं, म्हणून ओळी दूर जाऊन एका बिंदूत मिळतात. पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने हे तंत्र पक्कं केलं. अजिंठ्याच्या चित्रकारांनी त्याआधी हजारेक वर्षं वेगळी वाट काढली होती. त्यांनी एका जागी खिळलेला डोळा मानलाच नाही. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीकडे बघा. गाल, नाक, खांदा यांना गोलाई आली आहे ती गडद-फिक्या रंगांतून. प्राचीन चित्रशास्त्रात याला वर्तना म्हणतात, आणि खोल-उंच भाग दाखवता येणं ही चांगल्या चित्रकाराची खूण मानली आहे.

काचेवरच्या चित्राला किंमत मोजावी लागतेच, आणि ती लग्नाच्या ग्रुप फोटोत दिसते. मोबाइलची रुंद लेन्स लावून वीस-पंचवीस जण एका फोटोत बसवले की मधले नवरा-नवरी छान येतात आणि दोन्ही टोकांचे काका-मामा फुगतात. आपल्याभोवती दिसणारं सगळं दृश्य म्हणजे एक गोलच. आपण त्याच्या केंद्रात उभे, आणि कॅमेरा त्याचा एक तुकडा सपाट पडद्यावर पसरतो. सरळ भिंत फोटोत सरळ यावी म्हणून तो काठ ताणतो. मधल्या दिशेपासून ४५ अंशांवर चेंडू धरला तर फोटोत तो गोल न येता उंचीच्या सुमारे १.४ पट रुंद अंडाकृती येतो. डोकं म्हणजे जवळपास चेंडूच. नकाशाच्या भाषेत याला केंद्रीय प्रक्षेपण म्हणतात, आणि मुंबई-न्यूयॉर्कचा ताणलेला दोरा त्याच्यावर सरळ रेषा येतो. सरळपणा जपला, आकार सोडला.

म्हणून गेल्या वर्षी भाचीच्या लग्नात फोटो काढायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी मांडवाच्या दारापर्यंत मागे गेलो आणि तिथून झूम केलं. माणसं तेवढीच, पण आता ती सगळी माझ्या नजरेच्या गोलावर लहानशा तुकड्यात मावली होती. टोकाला उभी असलेली मावशी अगदी मावशीसारखीच आली.